फॉरमॅट मारल्यापासून लॅपटॉप मुका, ऑडिओ ड्रायव्हर ३ वेळा टाकून झाला

रात्रपाळी:
लॅपटॉप फार रखडायला लागला म्हणून परवा पूर्ण फॉरमॅट मारला आणि विंडोज ११ नव्याने टाकलं, वायफाय चालतंय, स्क्रीन ठीक, बाकी सगळं झकास, पण आवाज नाही म्हणजे नाहीच. खाली स्पीकरच्या चिन्हावर फुली आणि वर माऊस नेला की म्हणतो ऑडिओ आउटपुट डिव्हाइसच नाही. नेटवर शोधून रिअलटेकचा (आवाजाची चिप बनवणारी कंपनी) ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप चालवता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, टाकला, ३ वेळा, तिन्ही वेळा वेगळ्या साइटवरून, एक अर्ध्यातच एरर देऊन थांबला आणि बाकीचे दोन झाले म्हणाले, रीस्टार्ट केलं तर परत फुली हजर. गंमत म्हणजे ब्लूटूथ इअरफोन लावले की मस्त वाजतं. स्पीकर उडाले का? फॉरमॅटच्या आधी तर चांगले चालत होते. कोणी सांगेल का, डोकं बंद पडलंय.

फक्त_वाचक:
म्यूट नाही ना, आधी ते बघा. हसू नका, माझं एकदा तेच निघालं होतं. आणि मॉनिटर एचडीएमआयने जोडला असेल तर आवाज तिकडे जातो, स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक, साउंड सेटिंग्स, तिथे आउटपुट कुठलं निवडलंय बघा. नाहीतर एखादं ड्रायव्हर अपडेटरचं सॉफ्टवेअर टाका, स्कॅन करून सगळे ड्रायव्हर आपोआप बसवतं, कटकट मिटली.

जुना_माऊस:
अपडेटर नको हो, कृपा करून नको. ती सॉफ्टवेअरं अंदाजाने काहीही उचलतात, वर पैसे मागतात, आणि सोबत आणखी दोन नको असलेल्या वस्तू बसवून जातात. एकाचं ऑडिओ नीट करायला गेलो तर टचपॅड गेला, तेव्हापासून कानाला खडा.

रात्रपाळी, स्पीकर उडालेले नसणार. स्पीकर जळला तरी विंडोजला साउंडचं डिव्हाइस दिसतंच, फक्त आवाज येत नाही. तुम्हाला डिव्हाइसच दिसत नाहीये, म्हणजे गडबड ड्रायव्हरची. ब्लूटूथचा रस्ता वेगळा असतो, म्हणून ते वाजतंय. आता एक करा, विंडोज की आणि एक्स एकत्र दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, साउंडच्या खाली काय दिसतंय आणि पिवळं उद्गारचिन्ह कुठे आहे ते सांगा. पिवळं असेल त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरलमध्ये कोड किती ते बघा, आणि डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी निवडून पहिली ओळ इथे टाका.

रात्रपाळी:
म्यूट नाही, मॉनिटर पण जोडलेला नाही. इअरफोन काढले तर साउंडचा विभागच गायब. अदर डिव्हाइसेसमध्ये मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर आणि त्यावर पिवळं. कोड २८. ओळ लांबलचक आहे, सुरुवात पीसीआय, मग व्हीईएन ८०८६, पुढे डीईव्ही आणि काहीतरी.

जुना_माऊस:
सापडलं. कोड २८ म्हणजे या डिव्हाइसला ड्रायव्हरच बसलेला नाही. आणि व्हीईएन म्हणजे बनवणारी कंपनी, त्यातला ८०८६ हा इंटेलचा नंबर आहे, १९७८ साली त्यांनी काढलेल्या प्रोसेसरचं नाव ८०८६ होतं तेच. रिअलटेकचा असता तर १०ईसी दिसलं असतं. आता गोम इथे आहे बघा. लॅपटॉपमध्ये आवाजाची दोन टप्प्यांची साखळी असते, पहिला कंट्रोलर, तो प्रोसेसरच्या बाजूचा, आणि त्याच्या पलीकडे कोडेक चिप, म्हणजे तुमचं ते रिअलटेक, जी खरा आवाज स्पीकरला पाठवते. बऱ्याच मशिनमध्ये कंट्रोलर साधा असतो, त्याला विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर चालतो आणि फॉरमॅटनंतर लगेच आवाज येतो. पण नव्या लॅपटॉपमध्ये आवाजासाठी वेगळा प्रोसेसर असतो, त्याला इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी नावाचा ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर पलीकडची कोडेक चिप विंडोजला दिसतच नाही, मग रिअलटेकचा ड्रायव्हर कितीही वेळा टाका, बसणार कुणावर? पूलच नाही तर गाडी पलीकडे जाणार कशी.

तर आधी ते तीन साइटवाले काढून टाका. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावर जा, खाली चिकटवलेला मॉडेल नंबर टाका (मिटला असेल तर सर्चमध्ये सिस्टीम इन्फॉर्मेशन लिहा, तिथे मिळतो), आणि आधी चिपसेट (मदरबोर्डचा ड्रायव्हर), मग स्मार्ट साउंड, मग ऑडिओ (तुमचं रिअलटेक), या क्रमाने टाका. काही ठिकाणी शेवटचे दोन एकाच फाइलमध्ये येतात. मधे रीस्टार्टच करा, शटडाउन करून परत चालू नका करू, फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही.

तारेवरची_कसरत:
माझी भर. कंपनीच्या पानावर नाहीच सापडलं तर सेटिंग्समध्ये विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स, तिथे ड्रायव्हर अपडेट्स दडलेले असतात, कधीकधी तिथेच पडलेलं असतं. आणि झिप मिळाली, आत सेटअप नाही, नुसत्या आयएनएफ वगैरे फाइली, तर घाबरू नका, झिप सोडवा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्यावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउज माय कॉम्प्युटर, आणि ते फोल्डर दाखवा.

फक्त_वाचक:
अपडेटरबद्दल शब्द मागे घेतो. पण माझ्या डेस्कटॉपवर ड्रायव्हर सगळे ठीक, पिवळं कुठेच नाही, तरी आवाज नाही, त्याचं काय?

तारेवरची_कसरत:
तो वेगळा आजार. जॅक मागच्या हिरव्या भोकात आहे ना बघा, शेजारच्या गुलाबीत गेलेला असतो बरेचदा. तो बरोबर असेल तर सर्व्हिसेस (विंडोजचे मागे चालणारे प्रोग्राम) उघडून विंडोज ऑडिओ आणि विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर दोन्ही चालू आहेत का बघा, दुसरी बंद असेल तर पहिली चालूच होत नाही. पुढचं असेल तर वेगळा धागा काढा, हा रात्रपाळीचा आहे.

रात्रपाळी:
वाजलं!!! चिपसेट टाकला, काही फरक नाही, मग स्मार्ट साउंड टाकून रीस्टार्ट केलं तर पिवळं गेलं आणि दुसरंच एक नवीन पिवळं उगवलं, मी म्हटलं झालं आता, पण त्याचा आयडी बघितला तर १०ईसी. मग रिअलटेक टाकला आणि लॉगिनलाच टिंग झालं, पहाटे पावणेतीनला, घरचे उठले. फक्त आवाज जरा डब्यातून आल्यासारखा येतोय.

जुना_माऊस:
साउंड सेटिंग्समध्ये स्पीकरवर क्लिक करा, ऑडिओ एन्हान्समेंट्स आहे, ते ऑफ करून बघा. उलटही होतं, काही लॅपटॉपचे छोटे स्पीकर त्या एन्हान्समेंटवरच सुधारलेले असतात, मग कंपनीचं साउंडचं अ‍ॅप परत टाकावं लागतं. आणि आता कंपनीच्या पानावरून घेतलेल्या तिन्ही ड्रायव्हर फाइली एका पेनड्राइव्हवर ठेवून द्या.

रात्रपाळी:
ऑफ केलं तर अजून वाईट, म्हणजे अ‍ॅपच लागणार. शोधतो. आता हळू आवाजात.