इराक २००३: कायद्याचा आधार काय होता आणि लोकांना पटवलं कसं?

सनदशीर (प्रश्न)
मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर हल्ला केला. त्याआधी, इराकच्या निःशस्त्रीकरणाबद्दलचा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १४४१ वा ठराव ८ नोव्हेंबर २००२ ला १५-० ने मंजूर झाला. त्यात 'गंभीर परिणाम' आहेत, पण बळाची मुभा देताना वापरतात ते 'सर्व आवश्यक साधने' हे शब्द नाहीत. मग ब्रिटनने त्यावर युद्ध कसं उभं केलं? आणि जनतेला ते पटलं कसं?

गोदाकाठ
एकट्या १४४१ वर नाही. परिषदेच्याच ६७८ व्या ठरावाने (नोव्हेंबर १९९०) इराकच्या ताब्यातून कुवेत सोडवायला बळाची मुभा दिली. ६८७ व्या ठरावाने (एप्रिल १९९१) निःशस्त्रीकरणाच्या अटींवर शस्त्रसंधी केली. अटी मोडल्या की जुनी मुभा पुन्हा जिवंत होते, असा युक्तिवाद. तो लंगडा पडतो तो एकाच जागी: अटी मोडल्या हे ठरवायचं कुणी? १४४१ चा परिच्छेद १२ सांगतो की संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र-तपासनिसांचा अहवाल आला की परिषद बसून विचार करेल. ह्या ठरावातून आपोआप बळाचा वापर होणार नाही, असं अमेरिकेच्या राजदूतांनी मतदानाच्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्या मते बळाची मुभा देणाऱ्या दुसऱ्या ठरावाशिवाय हा आधार टिकत नाही.

केतकी_ल
पटवण्याचं तंत्र म्हणाल तर सरसकट खोटं फारसं लागत नाही. 'जर-तर' गाळले की पुरतं. २४ सप्टेंबर २००२ च्या ब्रिटिश सरकारच्या पुस्तिकेत '४५ मिनिटांत' इराकची रासायनिक-जैविक शस्त्रं सज्ज होतात हा दावा चार ठिकाणी आहे. मूळ माहिती रणांगणावरच्या कमी पल्ल्याच्या दारूगोळ्याची होती, पुस्तिकेत ते लिहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी सायप्रसमधले ब्रिटिश तळ धोक्यात असल्याचं छापलं. संरक्षणमंत्र्यांना फरक ठाऊक होता, तरी खुलासा झाला नाही. दावा मागे घेतला ऑक्टोबर २००४ मध्ये, युद्ध सुरू होऊन दीड वर्ष झाल्यावर!

कायदेशीर सल्ल्याचंही तेच. ॲटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा सल्लागार) गोल्डस्मिथ यांचा ७ मार्च २००३ चा सल्ला १३ पानांचा: युक्तिवाद मांडता येईल, पण दुसरा ठराव घेणं सर्वांत सुरक्षित. १७ मार्चला संसदेत आलं ते छोटंसं उत्तर, शंकेचा लवलेश नसलेलं. मंत्रिमंडळापुढेही तेच ठेवलं. १८ मार्चला ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मंजुरी मिळाली.

सनदशीर
मधल्या दहा दिवसांत नवा पुरावा आला होता का?

केतकी_ल
नाही. सेनाप्रमुखांना स्पष्ट 'हो' किंवा 'नाही' हवं होतं. अटींचा भंग झालाय का, हे ॲटर्नी जनरलनी पंतप्रधानांच्या कार्यालयालाच विचारलं आणि १५ मार्चला 'निःसंशय झालाय' असं उत्तर आलं. ब्रिटनच्या इराक युद्धाची अधिकृत चौकशी करणाऱ्या २०१६ च्या चिलकॉट अहवालाने वैध-अवैध हा निकाल दिला नाही, पण आधार ठरवण्याची ही रीत समाधानकारक नव्हती, हे स्वच्छ म्हटलं.

गोदाकाठ
खटल्याचं विचाराल म्हणून: आक्रमणाच्या गुन्ह्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा अधिकार १७ जुलै २०१८ पासून सुरू झाला, मागच्या घटनांना तो लागू नाही. इंग्लंडच्या देशांतर्गत कायद्यात हा गुन्हाच नाही, असं २००६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ठरवलं.

कुठल्याही युद्धाच्या वेळी सरकारकडे सल्ल्याचा पूर्ण मजकूर मागा, सारांश नको. इथे तो एप्रिल २००५ मध्ये उघड झाला.