फावणे : आमचं आणि पुण्याचं

बडोदेकरीण
दांडिया बाजाराजवळच्या एका हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जणी सकाळी साडेसहाला योगासनं करतो. बहुतेक साठीच्या पुढच्या, दोघींचे गुडघे बदललेले. शिकवणाऱ्या बाई तिसऱ्या पिढीच्या बडोदेकर मराठी. दर आसनाला त्यांचं एकच पालुपद : "फावेल तेवढंच हं! नाही फावलं तर सोडून द्यायचं."

परवा पुण्याहून आलेली नणंद बरोबर होती. ती फिसकन हसली. घरी आल्यावर म्हणते, "वहिनी, फावतं ते चोराचं! गुडघा कसा फावेल?" मी गप्प बसले, पण ते मनातून जाईना. आमचं 'फावणे' चूक आहे का? की नुसतं गुजराती?

पानसुपारी
चूक कशाला? शब्द मराठीच आहे, अर्थाला मात्र तुमच्याकडचं पाणी लागलंय. आज महाराष्ट्रात 'फावणे' दोनच ठिकाणी जिवंत दिसतो : 'फावला वेळ' आणि 'विरोधकांचं आयतंच फावलं'. दुसऱ्यात थोडा कुत्सितपणा आहे, म्हणून तुमच्या नणंदबाई हसल्या. संतांच्या मराठीत मात्र फावणे म्हणजे लाभणे, हाती येणे. तिथे चोराचा काही संबंध नाही.

गुजरातीत 'फाववुं' म्हणजे जमणं, सोयीचं पडणं, सवयीचं होणं. 'मने फावशे' म्हटलं की 'मला चालेल, जमेल'. ज्याला खाली बसायला 'फावत नाही' त्याला बसता येत नाही असं नाही. बसेल, पण सुखाने नाही. हा बारकावा प्रमाण मराठीच्या एका शब्दात आणून दाखवा.

राजवाडा चौक
इंदूरहून. आणून दाखवतो, पण तीन शब्द लागतील. 'जमणे' कसबाचं, 'झेपणे' ताकदीचं, 'मानवणे' प्रकृतीचं. मला पुढे वाकणं जमतं, दहा सूर्यनमस्कार झेपत नाहीत आणि पहाटेचं गार पाणी मानवत नाही. पण 'मानवलं की नाही' हे दुसऱ्या दिवशी कळतं. तुमचं 'फावणे' तिथल्या तिथे, आसनात असतानाच कळतं. ते मला आवडलं.

आमच्याकडे बाई नुसतं 'आरामात' म्हणतात. हिंदी शहर, काय करता.

व्याकरणाचा विद्यार्थी
इथे पतंजलींना बोलावावंच लागेल. योगसूत्रांत आसनाविषयी थेट सूत्रं तीनच, दुसऱ्या पादात, ४६ ते ४८. पहिलं सगळ्यांना पाठ असतं : 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन. 'आसन' हा शब्द 'आस्' म्हणजे बसणे या धातूपासून आला. आपण पूजेला 'आसन मांडतो' किंवा पाहुण्याला 'आसनस्थ व्हा' म्हणतो, ते मूळ अर्थाला धरूनच आहे.

खरी गंमत त्यावरच्या व्यासभाष्यात आहे. पद्मासन, वीरासन, भद्रासन अशी आसनांची नावं देता देता भाष्यकार 'सोपाश्रय' म्हणतात, म्हणजे आधारासकट. या भाष्यावर टीका लिहिणाऱ्या वाचस्पतिमिश्रांनी त्याचा अर्थ 'योगपट्ट वापरून' असा लावला आहे. योगनरसिंहाच्या मूर्तीत गुडघ्यांभोवती आवळलेला पट्टा दिसतो, तोच. आणि यादीच्या शेवटी येतं 'यथासुखं च'. जसं सुखाचं होईल तसं! तुमच्या बाईंचं 'फावेल तेवढंच' म्हणजे माझ्या मते शब्दशः हेच. तेव्हा भिंत, उशी, खुर्ची यांची लाज वाटून घेऊ नका. 'ही सूट आहे' असं जे म्हणतात त्यांनी भाष्य उघडलेलं नसतं.

बडोदेकरीण
वा! हे मी छापून हॉलच्या दारावर लावणार. आमच्या एक काकू खुर्चीवरच ताडासन करतात आणि दर वेळी "माझं काही खरं योगासन नाही हो" म्हणतात.

पण पुढच्या सूत्रात 'प्रयत्नशैथिल्य' आहे ना? मराठीत शैथिल्य म्हटलं की सरकारी कचेरीच आठवते.

व्याकरणाचा विद्यार्थी
हो, आपण त्या शब्दाची अब्रू घालवली. तिथे अर्थ एवढाच, की प्रयत्नाची आवळलेली मूठ सैल करायची. आळस नव्हे. दात-ओठ खाऊन धरलेलं आसन या सूत्रात बसत नाही.

मांडवीचा म्हातारा
अहो, बडोद्यात हा विषय निघाला आणि आमच्या जुन्या तालमीचं, जुम्मादादा व्यायाम मंदिराचं, नाव नाही? योगाचार्य स्वामी कुवलयानंद जन्माने डभोईचे, १८८३ सालचे. तरुणपणी याच तालमीत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. मग मालसरला नर्मदाकाठी माधवदासजींकडे योग शिकले आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. आधी तालीम, मग आसन.

तालमीवरून शब्द आठवला : 'रग'. तालमीत रग जिरवायची. आसनात मात्र रग लागली की ओळखायची. मी नवशिक्यांना सांगतो, मराठी नीट येत असेल तर निम्मं काम झालं. ओढ बसते आहे? बसू द्या. रग लागली? दोन श्वास थांबून सावकाश बाहेर या. कळ आली, चमक निघाली? लगेच सोडा. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून चवडा आपल्याकडे ओढा. 'दुखतंय' या एका शब्दात हे सगळं कोंबणारे उगाच स्वतःला इजा करून घेतात. आणि 'ताण' हा शब्द वर्गात नकोच, कारण तो स्नायूचाही असतो आणि मुलाच्या लग्नाचाही.

राजवाडा चौक
'ताण'बद्दल शंभर टक्के! आणखी एक. आमच्या आजीला 'शवासन' हा शब्द तोंडात घ्यायला आवडायचा नाही. ती म्हणायची, "मी जरा अंग टाकते."

पानसुपारी
हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात शवासनाचं फळ 'श्रांतिहर' आणि 'चित्तविश्रांतिकारक' असं दिलंय. आजीचं 'अंग टाकणे' मला नावापेक्षा फळाच्या जास्त जवळचं वाटतं.

बडोदेकरीण
आज नणंदेला पुन्हा घेऊन गेले होते. मांडी घालताना तिच्या गुडघ्यात कळ आली, तेव्हा बाईंनी खुर्ची पुढे केली. बसली मुकाट्याने. परत येताना मी मुद्दाम विचारलं, "काय, फावलं का?"

म्हणाली, "मानवेल असं वाटतंय. उद्या सांगते."