राजगीरच्या स्तूपावर कोण कोण जाऊन आलंय?

गेल्या महिन्यात बिहारात राजगीरला गेले होते. रत्नागिरी टेकडीवरचा (नाही, आपली रत्नागिरी नव्हे) पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप. वर सेल्फीची झुंबड, माकडं, कुणाचं तरी पोर भोकाड पसरलेलं. तरी मला तिथून उठवेना. का, ते मलाच कळलेलं नाही. तुम्हाला काय वाटलं, लिहा ना.

•

आम्ही जुन्या रोपवेनं गेलो, एकेकट्या खुर्चीच्या. ती थांबत नाही, चालतीतच बसायचं. आई बहात्तरची. मी म्हटलं, बंद डब्यांचा नवा आहे, त्यानं जाऊ. तर म्हणे, "वारी पायी केली मी, पाळण्याला काय भ्यायचं?" पदर खोचला नि बसली. मागच्या खुर्चीत मीच डोळे मिटून!

•

मी वर्ध्याचा. वर ढोलाच्या ठेक्यावर 'ना मू म्यो हो रेन गे क्यो' हा जप सुरू झाला आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडेही शांतिस्तूप आहे, त्याच निप्पोनझान म्योहोजी या जपानी बौद्ध पंथाचा. पंथाचे संस्थापक फुजी गुरुजी 1933 मध्ये गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले होते. चार बाजूंच्या सोनेरी मूर्तीही ओळखीच्या : जन्म, ज्ञानप्राप्ती, धर्मोपदेश, महापरिनिर्वाण. बायको म्हणाली, एवढ्या लांब येऊन वर्धाच पाहिलं होय!

•

थोडं कडू लिहितो. स्तूप 1969 चा, राष्ट्रपती गिरींच्या हस्ते उद्घाटन झालेला. बुद्ध जिथे प्रत्यक्ष राहिले, बोलले, तो गृध्रकूट डोंगर जवळच आहे. तिथे नुसत्या विटांचा चौथरा आणि गुहा. बहुतेक लोक स्तूपापुढे फोटो काढून परत फिरतात. तेवढं चाला हो.

•

वरच्यांना उत्तर : आमची नागपूरची बस होती, बोधगया-राजगीर-नालंदा. गृध्रकूट आजीला जमण्यातलं नव्हतं, स्तूप जमला. छप्पन सालच्या दीक्षेला ती दीक्षाभूमीवर होती, आईच्या कडेवर. तिनं सावकाश प्रदक्षिणा घातली, मग कठड्याशी उभी राहून खालच्या जंगलाकडे बघत राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. वाजवू दिला.

•

चढ-उताराचं सगळ्यांनी लिहिलं, सिलावच्या खाज्याचं कुणीच नाही? नालंद्याच्या वाटेवरच लागतं. पदर सुटलेला, कुरकुरीत. डबा मोठा न्या.