मदत हवी आहे: केसीएनक्यू२ जनुकातला बदल आणि पोटॅशियम चॅनल उघडणारी औषधे, बाळासाठी काही आशा?

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मुलगा चौदा महिन्यांचा आहे. जन्मानंतर तिसऱ्याच दिवशी त्याचे अंग एका बाजूने ताठ झाले, ओठ निळे पडले. मग दिवसाला आठ-दहा वेळा तसेच. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात दाखल केले. फेनोबार्बिटोनने फारसा फरक पडला नाही, पण कार्बामाझेपिन सुरू झाल्यावर काही दिवसांत फिट्स थांबल्या. चवथीच्या आधी तापात एक आली, तेवढीच. मान मात्र उशिरा धरली, आणि अजून आधाराशिवाय बसत नाही. घरच्यांनी देवळात कौलही लावला. त्यांना मी अडवले नाही, फक्त औषध एक वेळही चुकवू दिलेले नाही.

जनुक तपासणीत केसीएनक्यू२ मध्ये बदल निघाला. आम्हा दोघांत तो नाही, बाळात नव्यानेच झालेला आहे. डॉक्टरांनी नीट समजावले, पण ऐकताना माझे डोके सुन्न झाले होते. घरी येऊन वाचत बसले.

मला कळले ते असे: या जनुकापासून चेतापेशीतला पोटॅशियमचा एक दरवाजा बनतो. पेशी उत्तेजित होऊ लागली की तो हळूहळू उघडतो, पोटॅशियम बाहेर जातो आणि पेशी शांत होते. दरवाजा नीट उघडला नाही तर पेशी पेटतच राहते. मग तो उघडणारे औषध का देत नाहीत? तसे एक औषध, रेटिगाबिन, २०११ मध्ये आले आणि २०१७ मध्ये बाजारातून गेले, असे वाचले. ते परत येईल का? बाळाला थांबायला वेळ नाही, म्हणून विचारते.

उत्तर
ताई, मी औषधशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. तुमची समज बरोबर आहे.

रेटिगाबिन हाच दरवाजा उघडत असे. पण दिवसातून तीनदा घ्यावे लागे, लघवी अडकायची, आणि दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या ओठांवर, नखांवर, त्वचेवर निळसर छटा आली. डोळ्याच्या पडद्यावरही रंगद्रव्य दिसले. वापर घटला आणि कंपनीने ते थांबवले. कल्पना चुकीची नव्हती, रेणू कमी पडला.

त्याच वाटेवर आता अझेटुकॅल्नर हे नवे औषध आहे. ३२५ प्रौढ रुग्णांच्या चाचणीत २५ मिलिग्रॅमच्या गटात महिन्याच्या फिट्समधली घट मध्यकाने सुमारे ५३ टक्के होती, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत सुमारे १८ टक्के. चक्कर आणि झोप हे मुख्य त्रास. पण हे सगळे प्रौढ होते आणि त्यांच्या फिट्स मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या. हे आकडे बाळाला लावू नका.

एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा: तुमच्या मुलातला बदल दरवाजाचे काम कमी करतो की वाढवतो? केसीएनक्यू२ मधले काही बदल काम वाढवणारेही असतात. तिथे उघडणारे औषध उलटे पडू शकते. जन्मतःच सुरू झालेल्या फिट्स बहुधा काम कमी झाल्याकडे बोट दाखवतात, पण ते अहवालावरूनच ठरावे.

आणि कार्बामाझेपिन लागू पडले यात आश्चर्य नाही. ते सोडियमचा दरवाजा अडवते, आणि हे दोन्ही दरवाजे पेशीच्या तंतूच्या मुळाशी शेजारी शेजारी असतात. स्वतःहून बदलू किंवा बंद करू नका.

दुसरे उत्तर
माझ्या भाचीलाही हाच बदल आहे. तिच्या फिट्स वर्षाच्या आत ओसरल्या, बसणे-बोलणे मात्र मागे राहिले. ती दोन वर्षांची झाली तेव्हा आम्ही फिजिओथेरपी सुरू केली, ती आधी करायला हवी होती. तुम्ही चाचणीच्या औषधासाठी फिजिओथेरपी थांबवून ठेवू नका. चाचण्या शोधायच्या तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियावर पाहा.

धागा मांडणारी
दोघांचे आभार. अहवालाची प्रत घेऊन बुधवारी जाते. काम कमी की जास्त, हे वहीत पहिल्याच ओळीवर लिहून ठेवले आहे.