सातासमुद्रापारची मसूर की येळ्ळूरची?

शिवारकर, येळ्ळूर
परवा लग्नाच्या पंगतीत शेजारचा पावणा म्हणाला, "तुमची दोन एकरांची शेती म्हणजे टाइमपास. शेती बघायची तर हॉलंड, कॅनडा!" पानात मसुरीची आमटी होती, म्हणून गप्प बसलो. इथं बोलतो.

भात कापलं की रानातली ओल जायच्या आत आम्ही मसूर पेरतो. पाणी नाही, खत जवळजवळ नाही, दंवावर पीक येतं. मुळांच्या गाठी हवेतला नत्र धरतात, तो पुढच्या भाताला मिळतो. आता कॅनडातलं सस्कॅचेवान घ्या. तिथं एक वर्ष गहू केला की एक वर्ष रान पडीक टाकायचे, ओल साठावी म्हणून. १९७० नंतर हळूहळू त्या पडीक वर्षात मसूर आली. म्हणजे आमच्या आज्ज्याचंच गणित. मग आम्ही मागासलेले कसे?

ऊसवाला, चिकोडी
गणित तेच, पण पाटी केवढी? तिथं सरासरी शेतच १७०० एकरांच्या वर. एक माणूस कंबाईनवर बसून दिवसभर कापतो. तीच मसूर जहाजातून येऊन बेळगावच्या रविवार पेठेत तुमच्या पोत्याशेजारी बसते. गिऱ्हाईक दर विचारतं, गाव नाही. आमचा ऊस निदान कारखाना तरी उचलतो.

शिवारकर
उचलतो खरा. मागच्या हंगामाचं बिल आलं काय?

ऊसवाला, चिकोडी
ते सोडा ओ. आणि बिनखताचं कौतुक श्रीलंकेला सांगा. २०२१ त एका फटक्यात रासायनिक खत बंद केलं, भात घसरलं, वर्ष संपायच्या आत निर्णय मागं घेतला.

शिवारकर
मी मसुरीचं बोललो. भाताला युरिया मीही टाकतो, लपवत नाही.

ॲग्रीचा पोरगा
काका, पावणा अगदीच चुकला नाही. नेदरलँड, म्हणजे त्याचं हॉलंड, आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या जेमतेम तिप्पट, पण शेतमालाच्या निर्यातीत बरीच वर्षं अमेरिकेखालोखाल त्यांचाच नंबर होता. काचघरात टोमॅटो मातीत नसतोच, दगड वितळवून केलेल्या लोकरीच्या गादीवर वाढतो. निथळलेलं पाणी गोळा करून परत झाडाला. आणि इथं शहापूर-वडगावात बळ्ळारी नाल्याचं पाणी घुसून उभं भात कुजतंय, आपण दंवाचं कौतुक करतोय.

शिवारकर
त्या निर्यातीत फुलं पण धरतात, आणि दुसरीकडून आणून पुढं पाठवलेला माल पण. २०२२ ला गॅसचा दर भडकला तेव्हा कितीजणांनी गॅसवर तापवायची काचघरं थंड ठेवली ते पण वाच. नाल्याचं मात्र शंभर टक्के मान्य. पण त्याला हॉलंड कशाला, नाला उपसला तरी पुरे.

खानापूरची सून
काय ओ, सगळे बाप्येच भांडूलालाय! मसूर उपटायला कधी गेलाय काय? पहाटे दंव असतानाच उपटावी लागते. ऊन चढलं की शेंग तडकते, दाणे रानात. थंडीनं बोटं वळत नाहीत, तळहात सोलतात. माझ्या सासूनं जन्मभर तेच केलं. आता माझी पोरगी म्हणते, मी नाही. तिला काय सांगू, नत्राच्या गाठी?

जुनं म्हणून सगळं चांगलं नसतं. आमच्या रानात पूर्वी कुमरी व्हायची. झाडं तोडून जाळायची, राखेत नाचणी टाकायची, दोन-तीन वर्षांनी दुसरीकडं. ईशान्येकडं त्याला झूम म्हणतात, ॲमेझॉनच्या जंगलातही तसंच करतात. रान मोप आणि माणसं थोडी होती तोवर ते चाललं. आता जाळायला रान कुठलं?

शिवारकर
वहिनी, याला माझ्याकडं उत्तर नाही. आमच्यात पण उपटायला आईच जायची. मी बांधावरून पेंढ्या उचलायचो.

ॲग्रीचा पोरगा
छोटं कापणी यंत्र चालेल की. पाच-सहाजणांत एक घ्यायचं.

खानापूरची सून
आमची मसूर वीतभर उंच. यंत्राचं पातं तिच्या डोक्यावरून जाईल. आधी येऊन बघ, मग यंत्र सांग.

ऊसवाला, चिकोडी
शिवारकर, बियाणं आहे काय? खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचा परत फुटलेला ऊस, मोडल्यावर अर्ध्या एकरात टाकून बघतो. दर नाही मिळाला तर पोती तुमच्या दारात आणून ओतणार.

शिवारकर
दोन शेर ठेवलंय, राख लावून. रविवारी या. उपटायला माणसं मात्र तुमची तुम्ही बघा.