अनुभव धागा: साथीच्या दिवसांत पोरांना एकत्र जमवायचं तर (सांगली-सातारा)

२०२० ते २०२२ या कोरोनाच्या काळात तरुण मंडळं, तालमी, ढोल पथकं, अभ्यासिका कशाबशा चालल्या. नियमात 'अंतर राखा' एवढंच असायचं. तालमीत अंतर कसं राखायचं ते कुणी सांगत नव्हतं. १५ ते १८ वयाच्या पोरांना लस मिळायला लागली ३ जानेवारी २०२२ पासून. तोवर दोन्ही मोठ्या लाटा येऊन गेल्या होत्या आणि ही पोरं घरी आजी-आजोबांच्या पंगतीला बसत होती. पुढची साथही श्वासातून पसरणारी असली तर यातलं बहुतेक लागू पडेल. ज्यांनी हे प्रत्यक्ष सांभाळलंय त्यांनी लिहा. मापं लिहा, वस्तू लिहा, काय फसतं ते लिहा. स्वतःची कहाणी नको, 'काळजी घ्या'ही नको.

माहुलीकर (अभ्यासिका, सातारा)

आधी खोलीचं माप काढा. ३० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच म्हणजे ६,००० घनफूट हवा. ती तासाला ६ वेळा बदलायची तर मिनिटाला ६०० घनफूट बाहेर गेली पाहिजे. एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावर आकडा बहुतेक वेळा ताशी घनमीटरमध्ये असतो; ६०० घनफूट मिनिटाला म्हणजे ताशी साधारण १,०२० घनमीटर. छापील आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडप, धूळ यांत तो घटतो, म्हणून दीडपट धरूनच खरेदी करा.

फॅन किती मोठा यापेक्षा तो कुठे बसवला हे जास्त महत्त्वाचं. फॅनशेजारची खिडकी उघडी राहिली की बाहेरची हवा तिथून आत येते आणि लगेच फॅनमधून बाहेर पडते. मागच्या टेबलांवरची हवा तिथेच कोंडलेली राहते, आणि फॅन मात्र जोरात फिरताना दिसतो म्हणून सगळे निर्धास्त. फॅनजवळच्या खिडक्या बंद, समोरच्या भिंतीतल्या उघड्या. खात्री करायला सर्वांत लांबच्या कोपऱ्यात अगरबत्ती लावा. धूर फॅनकडे ओढला गेला पाहिजे. तिथेच घुटमळला तर टेबलांची जागा बदला. छताचा पंखा तीच हवा घुसळतो, स्प्लिट एसी तीच हवा गार करतो. दोन्ही बाहेरची हवा आणत नाहीत.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेणार असाल तर एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणाऱ्या) सेन्सरचाच घ्या. स्वस्तातल्या मीटरचा आकडा सॅनिटायझरच्या वाफेनेही वर उडतो. बाहेर साधारण ४२० पीपीएम (दहा लाखात किती भाग) दिसतो. आत ८०० च्या खाली असेल तर चालू द्या; १,००० ओलांडला की सगळ्यांना १५ मिनिटं बाहेर काढा. मीटर खिडकीत किंवा कुणाच्या तोंडासमोर ठेवू नका, खोलीच्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर ठेवा.

हरिपूरची ताई

माहुलीकर, डिसेंबरात पोरं कुडकुडतात आणि गुपचूप खिडक्या लावून घेतात. त्यावर काय?

माहुलीकर

ताई, थंडीत सगळ्या उघड्या लागतच नाहीत. आत ऊब आणि बाहेर गारवा असला की हवा आपसूक जास्त खेळते. समोरासमोरच्या दोन खिडक्यांची वरची झडपं वीतभर उघडी ठेवा आणि ती बंदच होणार नाहीत अशी तारेने बांधून टाका. पोरांच्या भरवशावर सोडलं तर नऊ वाजता उघडी, साडेनऊला बंद.

पेठेतला ढोलवाला (सांगली)

पथकाचा सराव घाटावर, मोकळ्यावर असतो म्हणून सगळे गाफील. पण ढोल वाजवताना दम लागतो, आणि धापा टाकणारा माणूस शांत बसलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त हवा सोडतो. दोन ढोलांत ६ फूट, रांगा एकामागे एक न लावता तिरक्या. वारा कुठून येतो ते बघून रांगेचं तोंड ठरवा. वारा मागून आला तर मागच्यांचा सगळा श्वास पुढच्यांच्या मानेवर. आडवा वारा सगळ्यांत बरा.

शिट्टी बंद. पथकप्रमुख शिट्टी फुंकतो तेव्हा त्याची थुंकी पहिल्या रांगेवर उडते, आणि शिट्टी तोंडात घ्यायची म्हणजे मास्क खालीच. इशारे टोलवर (ठोकून वाजवायच्या धातूच्या थाळीवर) आणि हाताने द्यायचे. टिपरू (ढोल वाजवायची काठी) ज्याचं त्याचं, नाव कोरलेलं. दुसऱ्या बाजूला थापी उघड्या हाताची, म्हणून ढोल बदलला की हात धुवायचे. ढोलाच्या तोंडावर ताणलेल्या चामड्याच्या पानावर सॅनिटायझर किंवा ब्लीचिंगचं पाणी अजिबात नको. चामडं कोरडं पडतं, तडकतं. कोरड्या फडक्याने पुसा आणि पुढच्या सरावापर्यंत टांगून ठेवा. फायबरचं पान असेल तर साबणाच्या ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं.

सराव ४० मिनिटांचा, मग १० मिनिटं पांगायचं. पांगायचं म्हणजे खरंच पांगायचं, ढोलावर कोपरं टेकवून घोळका नको.

लाल माती

कुस्ती आणि कबड्डीत अंतर हा शब्दच नाही, तेव्हा माणसं कमी करायची. चार-चारचे पक्के गट. गटातले एकमेकांशीच लढतील. दुसऱ्या गटाशी लढत नाही, गप्पा नाहीत, टॉवेल-लंगोटाची देवाणघेवाण नाही. एक आजारी पडला तर चौघे घरी बसतात, तालीम चालू राहते. मोडतं कुठे? एक गडी आला नाही की उरलेले तिघे दुसऱ्या गटातला 'फक्त आजच्यापुरता' घेतात. तिथे दोन गटांचा एक गट झाला. तिघे उरले तर जोर, बैठका, दोरी, लढत नाही.

जुन्या तालमीचं दार ठेंगणं, खिडकी एखादीच, तीही उंचावर. आत सगळे घामाघूम आणि धापा टाकणारे. मेहनत बाहेर अंगणात घ्या, हौदात (कुस्तीच्या मातीत) फक्त लढतीपुरतं उतरा आणि एका वेळी एकच जोड. मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालतात ते माती मऊ राहावी, जखम चिघळू नये म्हणून. त्याने समोरच्याचा श्वास शुद्ध होत नाही. हे वस्तादांनाही समजावून सांगावं लागतं, जरा आदबीने.

कबड्डीत चढाईचा दम समोरच्या सातांच्या तोंडावर जातो. साथ जोरात असेल तर चढाईचा सराव एकट्याने, रेषेवर पायचालीचा. आजारातून उठलेल्याला लगेच मैदानात घेऊ नका. लक्षणं पूर्ण गेल्यावर किमान ७ दिवस थांबा, मग आधी चालणं, मग हळू पळणं. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर त्याच दिवशी डॉक्टर.

वडापवाला

सगळ्यात जास्त धोका कार्यक्रमात नाही, येण्या-जाण्यात आहे. मैदानावर ६ फुटांवर उभी असलेली पोरं परत जाताना एका जीपमध्ये बाराजण कोंबून बसतात, काचा वर, गाणी चालू, मास्क खिशात. बिडीचा धूर जिथवर पोचतो तिथवर श्वासही पोचतो एवढं ध्यानात ठेवा. एका बाजूची पुढची काच आणि दुसऱ्या बाजूची मागची काच उघडी ठेवली की हवा तिरकी वाहते. पाऊस असला तरी तीन बोटं फट हवीच. एसी लावलाच तर आतलीच हवा फिरवायचं बटण बंद. जाताना जो जिथे बसला तिथेच येताना. गाणं-ओरडणं नाही.

सज्जनगड, अजिंक्यतारा अशा ठिकाणी आपापल्या दुचाकीवर पायथ्याला जमणं यापेक्षा बरं.

हरिपूरची ताई

चहा आणि प्रसाद. सगळे एकाच वेळी मास्क काढतात ते इथेच. अर्ध्यांनी खायचं, अर्ध्यांनी थांबायचं, आणि तेही उघड्यावर. भडंगाच्या परातीत दहा हात घालण्याऐवजी एकाच माणसाने हात धुऊन कागदी पुड्या आधीच बांधून ठेवायच्या.

दुसरं, आरती. सॅनिटायझर म्हणजे ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल. चोळून लगेच कापराच्या ताटाशी गेलं तर हात पेट घेतो, आणि उजेडात ती ज्योत नीट दिसतही नाही. बाटली मंडपाच्या दाराशी ठेवायची, समईजवळ कधीच नाही. आरतीला उभं राहणाऱ्यांनी साबणाने २० सेकंद हात धुवायचे. २०२० मध्ये सार्वजनिक मूर्तीला ४ फुटांची मर्यादा आली तेव्हा पोरं हिरमुसली, पण तेवढी मूर्ती चौघांत उचलता येते. मोठ्या मूर्तीला पंधराजण खांद्याला खांदा लावतात, तो घोळका आपोआप टळला.

जंतुनाशकवाला (मिरज)

ब्लीचिंग पावडर साधारण ३० टक्के क्लोरीनची असते. १ टक्क्याचं द्रावण हवं तर १ लिटर पाण्यात ३० ते ३५ ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत, हातमोजे घालून, मोकळ्यावर. गाळ बसू द्या, वरचं पाणी घ्या, त्याच दिवशी संपवा. पोतं उघडून महिने झाले असतील तर त्यात दम राहत नाही. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग कधीच एकत्र नको, विषारी वायू निघतो. माणसांवर फवारा मारायचा नाही. फवाऱ्याच्या कमानी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच नको म्हणून सांगितल्या होत्या. खरं तर श्वासाच्या साथीत फरशी पुसण्यापेक्षा खिडकी उघडण्यावर वेळ घालवा.

पेठेतला ढोलवाला

दाराशी तापाची बंदूक धरतात, तिचा उपयोग आहे का?

जंतुनाशकवाला

थोडाच. उन्हातून आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं, घामाने भिजलेल्याचं गार लागतं; दोन्ही आकडे खोटे. आधी ५ मिनिटं सावलीत बसवा, कपाळ पुसा, मग बघा. तरीही ज्याला ताप नाही पण लागण झालीय तो सुटतोच, कारण लक्षणांच्या साधारण २ दिवस आधीपासून माणूस आजार पसरवू शकतो. दाराशी 'घसा दुखतोय का, घरी कुणी आजारी आहे का' हे विचारा. आणि 'हो' म्हणणाऱ्याची थट्टा करू देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळेच 'नाही' म्हणतील.

पूर-स्वयंसेवक (सांगली)

जुलै २०२१ मध्ये पूर आणि कोरोना एकत्र आले होते. त्यात कळीची गोष्ट मास्कची. भिजलेल्या मास्कमधून श्वास ओढला जात नाही, माणूस तो खाली करतोच. प्रत्येकाकडे ३ जादा मास्क, चेनच्या प्लास्टिक पिशवीत, वरच्या खिशात. ओले वेगळ्या पिशवीत. एन-९५ धुवायचा नाही. पाच मास्क घेऊन आळीपाळीने वापरायचे, वापरलेला कागदी पिशवीत सुकवायचा. झडपवाला मास्क घेऊ नका, त्याच्यातून आपला श्वास न गाळता बाहेर पडतो. बोटीत चढणाऱ्यांची यादी किनाऱ्यावरच्या एकाने लिहायची: नाव, वेळ, कुठली बोट. कुणी आजारी निघाला तर मागच्या २ दिवसांत त्याच्या बोटीत कोण होते तेवढ्यांनाच फोन. आजाऱ्याचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही.

वडापवाला

फोन केल्यावर ते लगेच किट आणून तपासतात आणि 'निगेटिव्ह' म्हणून दुसऱ्या दिवशी हजर.

पूर-स्वयंसेवक

लगेच तपासून काही कळत नाही, साधारण पाचव्या दिवशी तपासा, आणि तोवर घरीच. किटमागच्या कागदावर दिलेल्या वेळेतच निकाल वाचा. नंतर उमटलेली पुसट रेघ धरायची नाही. लक्षणं आहेत आणि किट निगेटिव्ह आहे तर आरटी-पीसीआर करून घ्या.