सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला व्हीएफडी बसवल्यास वीज खरोखर वाचते का?

प्रश्न

नमस्कार. पुण्यातील आमच्या सात मजली इमारतीत २८ सदनिका आहेत. तळटाकीतून गच्चीवरील टाकीत पाणी चढवण्यासाठी ५ एचपीचा थ्री फेज पंप असून तो रोज सुमारे दोन तास चालतो आणि तेवढ्या वेळात साधारण २०,००० लिटर पाणी वर जाते. पंपापुरता वेगळा सबमीटर लावल्यावर रोजचा वापर ९ युनिट भरला. एका विक्रेत्याचे म्हणणे असे की, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे यंत्र) बसवून मोटरचा वेग २० टक्क्यांनी कमी केल्यास वीज निम्मी लागेल. पैसा सभासदांच्या वर्गणीचा असल्यामुळे निर्णयापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. माझ्या गावच्या घरी १ एचपीचा सिंगल फेज पंप आहे. त्यालाही असे यंत्र लावता येईल का?

प्रतिसाद १

विक्रेत्याने सांगितलेला नियम खरा आहे, पण तो अर्धाच सांगितला आहे. पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटून सुमारे ५१ टक्के होते, हे बरोबर. मात्र त्याच वेळी पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटून ६४ टक्क्यांवर येतो, आणि आपल्या गच्चीची उंची काही कमी होत नाही. समजा, आपला पंप जास्तीत जास्त ५५ मीटरपर्यंत पाणी रेटू शकतो. वेग आणखी उतरवून ७० टक्क्यांवर आणला, तर ही क्षमता २७ मीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम गच्चीवरील टाकीच्या उंचीइतकी येईल. म्हणजे मोटर फिरत राहील, मीटरही फिरत राहील, आणि वरच्या टाकीत थेंबभरही पाणी पडणार नाही. शिवाय वेग कमी केल्यावर टाकी भरायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे दर तासाचा नव्हे, तर दर हजार लिटरमागचा वीजवापर मोजला पाहिजे. कारखान्यातील पंखे आणि ब्लोअर यांच्या बाबतीत घनाचा नियम जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो, आणि तिथले आकडे पाणी चढवण्याच्या पंपाला लावले की अशी गफलत होते.

तरीही आपला आकडा मला खटकला. तळटाकीतील पाण्यापासून गच्चीवरील टाकीच्या तोंडापर्यंतची उंची २७ मीटर धरली, तर २०,००० लिटर पाणी उचलायला निव्वळ दीड युनिट पुरते. पंप, मोटर आणि पाइपातील घर्षण यांची घट जमेस धरूनही ४ युनिटांच्या आसपास काम व्हायला हवे. ९ युनिट लागत असतील, तर उरलेली वीज कुठे जाते ते आधी शोधा. फूट व्हॉल्व्ह (तळटाकीतील पाइपाच्या टोकाची एकमार्गी झडप) गळतो का, इंपेलर (पंपात पाणी ढकलणारे फिरते चाक) झिजला आहे का आणि पंपाजवळचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, एवढे पाहून कृपया कळवा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आज सकाळी वॉचमनला सोबत घेऊन पंपाच्या खोलीत गेलो. व्हॉल्व्हचे चाक निम्म्याहून अधिक बंद असून त्यावर तारेचा वेढा दिलेला आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की ओव्हरलोड रिले (भार वाढल्यावर मोटर बंद पाडणारे संरक्षक साधन) ट्रिप होतो, म्हणून मागच्या प्लंबरने तो तसा बांधून ठेवला, असे वॉचमनने सांगितले.

प्रतिसाद १

मग दुखणे सापडले. आपला पंप इमारतीच्या उंचीच्या मानाने फार जास्त दाबाचा आहे. व्हॉल्व्ह उघडला की पाणी प्रमाणाबाहेर वाहते, मोटरवर भार वाढतो आणि रिले ट्रिप होतो. व्हॉल्व्ह दाबून ठेवल्यामुळे पंपाने निर्माण केलेला जादा दाब त्या अरुंद फटीतच वाया जातो. अशा वेळी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून वेग कमी केल्यास वीज निश्चित वाचते. पण आपल्याकडे पाणी रोज एकाच उंचीवर चढते, वेग पुन:पुन्हा बदलण्याची गरजच नाही. त्यामुळे उंचीला साजेसा ३ एचपीचा पंप घेणे किंवा आहे त्याच पंपाचा इंपेलर वर्कशॉपमध्ये टर्न करून (कातून व्यास कमी करून) घेणे, हे मला व्हीएफडीपेक्षा सरळ आणि टिकाऊ उपाय वाटतात. गच्चीवर टाकी न ठेवता थेट नळांना दाबाने पाणी देणारी व्यवस्था असती, तर नळ उघडतील तशी मागणी सतत बदलली असती; तिथे मात्र मी व्हीएफडीचाच आग्रह धरला असता.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. तरीही समितीने व्हीएफडीच घेण्याचे ठरवले, तर ड्राइव्ह (म्हणजे व्हीएफडी) आणि मोटर यांच्यामध्ये जुना स्टार्टर किंवा कपॅसिटर राहू देऊ नये, ड्राइव्ह बिघडतो. पंपाची खोली दमट असल्यास पॅनेल कोरड्या जागी, भिंतीवर उंच बसवावे.

गावच्या १ एचपीच्या पंपाला बाजारातील नेहमीचा व्हीएफडी लावू नये. सिंगल फेज मोटर कपॅसिटरच्या आधाराने चालते आणि तिला असा पुरवठा मानवत नाही. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरलाही बाहेरून असे काही जोडू नये. घरात बदलत्या वेगाचा फायदा हवा असेल, तर तो उपकरणातच बांधलेला घ्यावा. साधा छताचा पंखा पूर्ण वेगावर ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा सुमारे ३० वॅट. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. इन्व्हर्टर एसीतही हेच तत्त्व आहे: खोली गार झाली की कॉम्प्रेसर बंद न पडता संथ चालतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मन:पूर्वक आभार. विक्रेत्याला तूर्त थांबायला सांगितले आहे. रविवारी पंपाच्या डिलिव्हरी पाइपवर, व्हॉल्व्हच्या अलीकडे आणि पलीकडे, प्रेशर गेज बसवून दोन्ही आकडे इथे देतो.